संक्रमण अर्थव्यवस्थांचा अभ्यास: रिग्रेशनआधी आकडा कसा तयार झाला ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी पूर्व युरोप आणि माजी सोव्हिएत संघातले, सरकारी नियोजनाकडून बाजाराकडे वळलेले (म्हणजे 'संक्रमण अर्थव्यवस्था' असलेले) २५ देश घेतले. १९८९ ते २००० या काळातली जीडीपीची वाढ एका बाजूला आणि युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेचे (ईबीआरडी) सुधारणा निर्देशांक दुसऱ्या बाजूला ठेवून रिग्रेशन (एका आकड्याबरोबर दुसरा किती हलतो ते काढायची सांख्यिकी पद्धत) केलं. एका मांडणीत वेगानं सुधारणा करणारे देश पुढे दिसतात, दुसऱ्या मांडणीत मागे. गुणकाचं, म्हणजे सुधारणेबरोबर वाढ किती हलते ते सांगणाऱ्या आकड्याचं, चिन्हच उलटतं. चूक कुठे आहे, आणि 'शॉक थेरपी' (सगळ्या सुधारणा एका झटक्यात) बरी की सावकाश बदल बरा, याबद्दल ठामपणे काही म्हणता येईल का?

तुमची आकडेमोड चुकली असेलच असं नाही. छापून आलेल्या संशोधनाचंही हेच झालं आहे. बाबेत्स्की आणि कांपोस यांनी २०११ मध्ये या विषयावरचे ४३ अभ्यास आणि त्यांतले ३०० हून अधिक अंदाज एकत्र तपासले. साधारण एक तृतीयांश गुणक धन आणि सार्थ (निव्वळ योगायोग न वाटण्याइतके स्पष्ट) होते, एक तृतीयांश ऋण आणि सार्थ होते, आणि उरलेले शून्यापासून वेगळे काढता येत नव्हते. तेव्हा चिन्ह का उलटतं याचा शोध हाच तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात मोलाचा भाग ठरू शकतो. तो तळटीपेत ढकलू नका.

पहिलं कारण म्हणजे निर्देशांक कोणत्या रूपात घातला आहे. सुधारणेची पातळी, त्या वर्षात झालेला बदल, आणि १९८९ पासून साठत गेलेली बेरीज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमती खुल्या केल्या, अनुदानं तोडली की त्या वर्षी उत्पादन खाली जातं. त्याच सुधारणेचा फायदा दिसायला काही वर्षं लागतात. म्हणून चालू वर्षाचा आणि मागच्या वर्षाचा निर्देशांक दोन्ही घातले की पहिल्याचा गुणक बहुधा ऋण आणि दुसऱ्याचा धन येतो. हेच मॉडेल 'बदल' आणि 'मागची पातळी' असं लिहिलं, तर बदलाचा गुणक तोच ऋण राहतो आणि पातळीचा गुणक म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज. मॉडेल एकच, पण तक्ता वाचणाऱ्याला दोन वेगळे निष्कर्ष दिसतात. दोन्ही गुणक, त्यांची बेरीज आणि त्या बेरजेची स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) असं तिन्ही द्या, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

दुसरं कारण घड्याळाचं आहे. पोलंडचा बाल्त्सेरोविच कार्यक्रम (अर्थमंत्र्यांच्या नावानं ओळखला जाणारा सुधारणा-आराखडा) १ जानेवारी १९९० ला सुरू झाला. रशियात किंमती २ जानेवारी १९९२ ला खुल्या झाल्या. १९९१ हे पोलंडसाठी सुधारणेचं दुसरं वर्ष, रशियासाठी सोव्हिएत काळाचं शेवटचं. कॅलेंडर वर्षांची सरासरी घेतली की हे दोन्ही एका खणात पडतात. त्यामुळे प्रत्येक देशाचं स्वतःचं 'शून्य वर्ष' ठरवून त्यापासून वर्षं मोजावी लागतात. पण तेवढ्यावर थांबू नका. जानेवारी १९९१ पासून कोमेकॉन या सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालच्या आर्थिक गटातला व्यापार जागतिक किंमतींना आणि परिवर्तनीय चलनात होऊ लागला, आणि तो धक्का सगळ्यांना एकाच वेळी बसला, सुधारणा सुरू झालेली असो वा नसो. रशियाचं उत्पादन किंमती खुल्या होण्याआधीच, १९९१ मध्ये, अधिकृत आकड्यांनुसार सुमारे ५ टक्के घसरलं होतं. म्हणून संक्रमण-वर्षाबरोबर कॅलेंडर-वर्षाचे डमीही (त्या वर्षासाठी १, बाकीच्यांसाठी ० असे चल) ठेवा, नाहीतर कोमेकॉन कोसळल्याचं पाप सुधारणेच्या खात्यावर चढतं.

आता मूळ आकड्याकडे. डाव्या बाजूला जो जीडीपी आहे, तो १९८९ साली बहुतेक देशांत मोजलाच जात नव्हता. तिथे 'निव्वळ भौतिक उत्पादन' मोजत. शिक्षण, आरोग्य, प्रशासन, घरं, प्रवासी वाहतुकीचा मोठा भाग यांना ती पद्धत 'अनुत्पादक' मानून बाहेर ठेवायची. आपण वापरतो ती जीडीपीची मालिका त्यातून मागाहून रचलेली आहे. त्यातही कारखान्याच्या व्यवस्थापकाचा बोनस योजनेचं लक्ष्य पूर्ण होण्यावर अवलंबून होता, म्हणून उत्पादन फुगवून सांगण्याकडे कल असायचा. बदलानंतर तोच व्यवस्थापक कर वाचवण्यासाठी उत्पादन कमी दाखवू लागला. सांख्यिकी कार्यालयांची सगळी यंत्रणा सरकारी उपक्रमांकडून विवरणपत्रं गोळा करण्यासाठी उभारलेली होती. रस्त्यावरचे नवे गाळे, छोटे व्यापारी, घरून चालणारे धंदे तिच्या नोंदीत सुरुवातीला आलेच नाहीत. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेनं ढकलतात आणि घसरण खरीपेक्षा खोल दिसते.

उलट्या दिशेनं ढकलणारी एक गोष्ट आहे, आणि ती बऱ्याचदा सुटते. प्रचंड महागाईत गोदामातल्या मालाची किंमत नुसती पडून राहूनही वाढते. हिशेब जुन्या खरेदी-किमतीवर धरला तर ही वाढ नफा आणि मूल्यवृद्धी म्हणून नोंदली जाते. रशियात १९९२ या एका वर्षात किंमती सुमारे २६ पट झाल्या आणि युक्रेनची १९९३ ची महागाई १०,००० टक्क्यांच्या वर गेली, हे लक्षात घेतलं तर ही दुरुस्ती किरकोळ नाही हे कळेल.

किंमत निर्देशांकाचा प्रश्न याहून नाजूक. १९८९ मध्ये मांसाचा सरकारी भाव कमी होता, पण दुकानात मांस नव्हतं. रांगेत गेलेले तास, वशिला, काळ्या बाजाराचा भाव हे सगळं किमतीचाच भाग होतं आणि निर्देशांकात आलं नाही. पोलंडमध्ये १९९० ची सरासरी महागाई ५८० टक्क्यांच्या पुढे नोंदली गेली; तिचा काही भाग म्हणजे आधी लपलेली किंमत उघडी पडणं. म्हणून 'खरं वेतन' जेवढं कोसळलेलं दिसतं तेवढं कुटुंबांचं उपभोगमान कोसळलेलं दिसत नाही. याच मुद्द्यावर बर्ग आणि सॅक्स यांनी १९९२ मध्येच पोलंडची अधिकृत घसरण फुगलेली असल्याचं मांडलं होतं. तुम्हीही वेतनाऐवजी कुटुंबखर्चाच्या पाहण्या आणि टिकाऊ वस्तूंची मालकी पाहा.

या सगळ्यावर उपाय म्हणून वीजवापराची पद्धत पुढे आली. कौफमन आणि कालिबेर्दा यांची कल्पना सोपी आहे: उत्पादन आणि वीजवापर साधारण एकाच प्रमाणात हलतात असं धरलं, तर वीज २० टक्क्यांनी घटली आणि जीडीपी ४० टक्क्यांनी घटल्याचं दाखवत असेल, तेव्हा मधली तफावत नोंदीबाहेरच्या अर्थव्यवस्थेची. पद्धत उपयोगी आहे, पण तिला तीन ठिकाणी तडे जातात. दिवे आणि गरम पाण्याची वीज कारखाना बंद पडला तरी लागतेच. बिलं न भरताही पुरवठा चालू राहत असेल तर कुणी वीज वाचवत नाही. आणि वीज खाणारे धातूउद्योग बंद पडून सेवाक्षेत्र वाढलं तर प्रमाण स्वतःच बदलतं. लवचिकता (उत्पादन १ टक्क्यानं हललं की वीजवापर किती टक्क्यांनी हलतो) १ धरून काढलेला अंदाज एकटा देऊ नका, ०.९ आणि १.१५ धरूनही काढा आणि तिन्ही शेजारी ठेवा. देशांचा क्रम तिन्हींत टिकत असेल तरच पुढे जा.

रुपये-पैशांत बोलायची सवय असलेल्यांना एक साधा सापळाही सांगतो. पोलंडनं १९९५ मध्ये चलनातून चार शून्यं काढली, रशियानं १९९८ मध्ये तीन, युक्रेननं १९९६ मध्ये कार्बोव्हानेत्स जाऊन ह्रिव्ना आणताना पाच. नाममात्र मालिका दोन ठिकाणांहून घेऊन जोडल्या तर जोडाच्या वर्षात विचित्र उडी दिसते. प्रत्येक मालिकेचा आलेख आधी लॉग प्रमाणावर काढा; ही चूक लगेच डोळ्यांत भरते.

उजव्या बाजूचा निर्देशांक तितकाच सांभाळून हाताळायला हवा. ईबीआरडीचे गुण १ ते ४+ असे आहेत. ४+ म्हणजे ४.३३, ३− म्हणजे २.६७ असं रूपांतर रूढ आहे. पण २ वरून ३ वर जाणं आणि ३ वरून ४ वर जाणं हे सारख्याच अंतराचं आहे असं मानायला आधार नाही. गुण क्रम सांगतात, अंतर नाही. शिवाय पहिला अहवाल १९९४ चा. त्याआधीच्या वर्षांचे गुण मागे वळून दिलेले आहेत. गुण देणाऱ्या तज्ज्ञाला तोवर पोलंड सावरतोय आणि युक्रेन कोसळतोय हे माहीत होतं, आणि ते ज्ञान गुणांत झिरपलं नसेल अशी खात्री देता येत नाही. जुने गुण नंतरच्या अहवालांत बदललेही गेले, म्हणून कोणत्या वर्षी उतरवून घेतलेली फाइल वापरली ते लिहा. ही जुनी मालिका २०१४ पर्यंतच आहे. नंतरची पद्धत सहा गुणवैशिष्ट्यांची आणि १ ते १० मापाची असून ती जुन्या मालिकेला जोडता येत नाही.

आणखी एक. मध्य युरोपात किंमत आणि व्यापार यांचे गुण नव्वदीच्या मध्यापर्यंतच कमाल पातळीला पोचले. त्यापुढे त्या स्तंभात हालचालच नाही, मग गुणक कशावरून काढणार? सर्व निर्देशांकांची सरसकट सरासरी घेण्याऐवजी दोन गट करा: किंमती, परकीय व्यापार आणि छोटं खासगीकरण एका गटात, मोठं खासगीकरण, कंपनी-कारभार आणि स्पर्धाधोरण दुसऱ्यात. पहिला गट हुकूमनाम्यानं एका रात्रीत होऊ शकतो. दुसऱ्याला न्यायालयं, लेखापरीक्षक, दिवाळखोरीचा कायदा लागतो.

'शॉक थेरपी' हा शब्द इथेच अपुरा पडतो, आणि माझ्या मते या वादातला सगळ्यात मोठा दोष हाच आहे. पोलंडनं किंमती झटक्यात खुल्या केल्या, पण मोठ्या उद्योगांचं खासगीकरण रेंगाळलं. १५ राष्ट्रीय गुंतवणूक निधी आणि ५१२ कंपन्यांचा सामूहिक कार्यक्रम १९९५ मध्ये जाऊन मार्गी लागला. रशियात व्हाउचर (कंपन्यांचे भाग घेण्यासाठी नागरिकांना दिलेली कूपनं) ऑक्टोबर १९९२ पासून वाटले आणि १९९४ च्या मध्यापर्यंत तो टप्पा उरकला, पण त्याच १९९२ मध्ये मध्यवर्ती बँक उद्योगांना स्वस्त कर्जं पुरवत राहिली आणि महागाई आटोक्यात आली नाही. यांतला 'वेगवान' कोण? एका आकड्यात दोघांना बसवलं की उत्तर निरर्थक होतं.

मग ठाम काय सांगता येतं? घसरण सगळीकडे झाली, सुधारणा लांबवणाऱ्यांकडेही. युक्रेननं लांबवली आणि त्याची सलग घसरण १९९९ पर्यंत चालली. पोलंडनं १९८९ ची पातळी १९९६ च्या सुमारास ओलांडली. महागाई आटोक्यात येण्याआधी टिकाऊ वाढ सुरू झालेली क्वचितच दिसते. पहिल्या तीन-चार वर्षांच्या घसरणीची खोली सुरुवातीच्या परिस्थितीशी जास्त जुळते, नंतरची सावरण्याची चाल धोरण आणि संस्थांशी. उझबेकिस्तान या चित्रात बसत नाही: सुधारणा संथ, तरी घसरण सौम्य. कापूस आणि सोनं जागतिक बाजारात विकता येत होतं, इंधन घरचं होतं, आणि मोडण्यासारखा जड उद्योग तुलनेनं कमी होता. चीनचं उदाहरण तर या रिग्रेशनमध्ये आणूच नका. १९७८ मध्ये तिथले सुमारे ७० टक्के कामकरी शेतीत होते. रशियात हे प्रमाण १५ टक्क्यांहून कमी होतं. शेतमजुराला नव्या उद्योगात घेणं आणि अवाढव्य कारखान्यातल्या कामगाराला तिथून बाहेर काढणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सुरुवातीची परिस्थिती नियंत्रक चल म्हणून घालणं सर्वमान्य आहे: साम्यवादाखाली गेलेली वर्षं (मध्य युरोपात चाळीसेक, रशियात सत्तरहून जास्त), कोमेकॉन व्यापाराचा वाटा, काळ्या बाजारातला विनिमय दर, दबलेली महागाई, उद्योगाचा फुगलेला वाटा, पश्चिम युरोपपासूनचं अंतर. हे सगळे चल एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की वेगवेगळे घातले तर स्टँडर्ड एरर फुटतात. म्हणून त्यांतून एक-दोन प्रमुख घटक काढून वापरतात. पण खरी अडचण पुढेच आहे. ज्या देशांची सुरुवात बरी होती त्यांनीच वेगानं सुधारणा केल्या. हेबी आणि मरेल यांनी १९९९ मध्ये हे हिशेबात घेतलं तेव्हा पहिल्या चार वर्षांत वेगाचा स्वतंत्र परिणाम फारसा उरला नाही. यावर तोडगा म्हणून काही जण सुरुवातीची परिस्थिती किंवा राजकीय स्वातंत्र्य हेच सुधारणेचं साधन-चल (फक्त सुधारणेमार्फतच वाढीवर परिणाम करणारा चल) म्हणून वापरतात. ते मान्य होण्यासारखं नाही, कारण या दोन्हींचा वाढीवर थेट परिणाम होतो. परीक्षक पहिला हल्ला इथेच करतील.

आणि निरीक्षणं शेवटी २५. त्यांतल्या आर्मेनिया, अझरबैजान, जॉर्जिया, ताजिकिस्तान, क्रोएशिया अशा अनेकांत युद्धं झाली. युद्धाचा डमी वगळू नका. तुर्कमेनिस्तान वगळून पाहा. प्रत्येक देश एकेक करून काढा आणि गुणक कसा हलतो त्याचा आलेख द्या. पॅनेलमध्ये (तेच देश अनेक वर्षं पाहणाऱ्या आकड्यांत) देशनिहाय क्लस्टर करताना, म्हणजे एका देशाची सगळी निरीक्षणं एक गट धरताना, २५ क्लस्टर कमी आहेत. नेहमीच्या स्टँडर्ड एरर फसव्या लहान येतात. वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप ही पुनर्नमुन्याची पद्धत वापरा. स्टाटा आणि आर दोन्हींत तयार आज्ञावली मिळते.

म्हणूनच या क्षेत्रातलं चांगलं काम देशांकडून कंपन्यांकडे आणि कुटुंबांकडे सरकलं. ब्राउन, अर्ल आणि तेलेग्दी यांचा २००६ चा अभ्यास नमुना म्हणून समोर ठेवा. चार देशांतल्या जवळपास सगळ्या मूळ सरकारी उत्पादक कंपन्या त्यांनी वर्षानुवर्षं पाहिल्या. खासगीकरणामुळे उत्पादकता रुमानियात सुमारे १५ टक्के, हंगेरीत ८, युक्रेनमध्ये २ टक्क्यांनी वाढली. रशियात सुमारे ३ टक्क्यांनी घटली. मालक परदेशी असेल तर चारही देशांत फायदा देशी मालकापेक्षा जास्त, १८ ते ३५ टक्के. यातली पद्धत शिकण्यासारखी आहे. नुसती 'आधी-नंतर' किंवा 'खासगी-सरकारी' तुलना फसते, कारण चांगल्या कंपन्या आधी विकल्या जातात. म्हणून कंपनीचा स्थिर परिणाम (तिचं कायम टिकणारं वेगळेपण) आणि कंपनीचा स्वतःचा कल दोन्ही वजा करायचे, विक्रीच्या आधीच्या वर्षांत फरक दिसत नाही ना ते तपासायचं, आणि बंद पडलेल्या कंपन्या नमुन्यातून गळल्या नाहीत याची खात्री करायची. मालक कोण झाला हे न विचारता 'खासगी = १' लिहिलं तर सगळं वाया. रशियात बहुसंख्य कंपन्यांनी असा पर्याय निवडला ज्यात कामगार आणि व्यवस्थापक मिळून ५१ टक्के भाग घेऊ शकत होते, म्हणजे मालकी गेली ती जुन्याच व्यवस्थापकांच्या पंखाखाली. चेक प्रजासत्ताकात व्हाउचर गुंतवणूक निधींकडे जमले आणि त्यांतले मोठे निधी बँकांचे, बँकांत मोठा हिस्सा सरकारचा. कागदावर खासगी, पण जाब विचारणारा मालक नाही, आणि मालमत्ता आतून पोखरली गेली.

जर्मनीकडे 'नैसर्गिक प्रयोग' म्हणून पाहण्याचा मोह होतो: एकच समाज, मध्ये भिंत. बेकर, मेर्गेले आणि वोसमान यांनी २०२० मध्ये दाखवलं की पूर्व आणि पश्चिम भाग १९४५ च्या आधीही सारखे नव्हते. कामगारवर्गाचा वाटा, चर्चला जाण्याचं प्रमाण, स्त्रियांचं नोकरीतलं प्रमाण यांत फरक होताच. त्यात १९६१ मध्ये भिंत बांधली जाईपर्यंत २५ लाखांहून अधिक लोक पूर्वेकडून निघून गेले, आणि निघून जाणारे सरासरी नमुना नव्हते. सीमेलगतचे जिल्हे तपासले तरी ही अडचण पूर्ण जात नाही.

मृत्यूदराच्या प्रश्नाला हात घालणार असाल तर विशेष जपून, कारण इथे निष्कर्षाचं वजन मोठं आहे. रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९८७ च्या सुमारे ६५ वर्षांवरून १९९४ पर्यंत सुमारे ५७.५ वर आलं. सामूहिक खासगीकरणामुळे कामकरी वयाच्या पुरुषांचा मृत्यूदर १२.८ टक्क्यांनी वाढला असं स्टकलर, किंग आणि मकी यांनी २००९ मध्ये मांडलं. अर्ल आणि गेलबाख यांनी दाखवलं की मोजमाप आणि कालांतर थोडं बदललं की तो परिणाम टिकत नाही. मुळात १९८७ हे तुलनेचं वर्षच फसवं आहे. गोर्बाचेव यांची दारूविरोधी मोहीम १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिनं मृत्यू पुढे ढकलले. ती ढिली पडल्यावर ते मृत्यू नंतरच्या वर्षांत आले. भट्टाचार्य, गाथमन आणि मिलर यांच्या २०१३ च्या कामात प्रदेशवार आकड्यांवरून या संकटाचा मोठा भाग असा उलगडला आहे. पण त्यावरून नव्वदीतली हलाखी खोटी ठरत नाही. संक्रमणाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं मागच्या-पुढच्या पिढ्यांपेक्षा सुमारे १ सेंटिमीटर बुटकी राहिली, हे नंतरच्या पाहण्यांत मोजलेलं आहे.

तुमच्या प्रबंधाचं काय करावं? २५ देशांचं रिग्रेशन एका प्रकरणात ठेवा, वर सांगितलेल्या तपासण्यांसह, आणि त्याला कारणमीमांसा म्हणू नका. ते वर्णन आहे. मुख्य प्रश्न सूक्ष्म आकड्यांवर घ्या. 'लाइफ इन ट्रान्झिशन' ही कुटुंबपाहणी (२००६, २०१०, २०१६ आणि नंतरची फेरी) आणि १९९९ पासूनची बीप्स ही उद्योगपाहणी ईबीआरडीच्या संकेतस्थळावर विनाशुल्क मिळते. रशियाची आरएलएमएस कुटुंबपाहणी १९९२ पासूनची आहे आणि नोंदणी करून मिळते. 'लाइफ इन ट्रान्झिशन'च्या पहिल्या फेरीत देशागणिक सुमारे १,००० कुटुंबं आहेत. त्यांचे सहा वयोगट पाडले तर प्रत्येकात १६०-१७० माणसं उरतात, तेव्हा देश आणि वयोगट यांच्या गुणाकारावर मोठा दावा उभारू नका. त्याऐवजी देशगट करा आणि १९९० मध्ये शिक्षण नुकतंच संपलेले, मधल्या वयाचे आणि निवृत्तीला टेकलेले असे तीन गट घ्या. जुनं कौशल्य निरुपयोगी झाल्याचा फटका कोणाला बसला, या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांतून मिळू शकतं. गाइडना दाखवताना आधी कोरा तक्ता दाखवा: कोणता स्तंभ, कोणता गट, कोणत्या फेरीचा कोणता प्रश्न. प्रश्नावलीचा शब्दन्शब्द फेरीगणिक ताडून पाहा, कारण तोच चल पुढच्या फेरीत वेगळ्या पर्यायांसह विचारला गेलेला असतो, आणि फाइलमधलं नाव मात्र तेच राहतं.